एका तारेवरचें संभाषण

ठाणे जिल्ह्यांत, भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हें गांव लागतें. येथूनच वज्रेश्वरीकडे जाणारा फांटा फुटतो. पावसाळ्याचे चार महिने या बाजूस हवेंत इतका ओलावा असतो कीं, कपाटांतील पुस्तकांस बुरशी धरते आणि पेट्यांच्या बिजागऱ्या गंजून जातात. अशा या गांवांतील एक घर कल्पावें. घरांतील आजोबांनीं सुमारें तीस वर्षांपूर्वीं एक संगणक विकत घेतला. आपल्या यंत्रमागांचा जमाखर्च ते त्यावर लिहीत. फावल्या वेळांत गांवच्या जुन्या आठवणी, लग्नकार्यांच्या याद्या, वडिलांकडून ऐकलेल्या हकीकती मराठींत टिपून ठेवीत. आज आजोबा हयात नाहींत. संगणक माळ्यावर आहे. त्याच्या फ्लॉपीच्या खांचेंत गंज शिरला आहे, आणि जुन्या चकत्या घालावयास घरांतील नव्या संगणकाला खांचच नाहीं. भंगारवाला दाराशीं उभा आहे. यंत्राची किंमत तो वजनावर ठरवील. परंतु आंतील लिखाणाची किंमत कोणत्या तराजूंत करावयाची?

ही अडचण एकाच घराची नाहीं. मुंबई, पुणें, नागपूर, कोल्हापूर, जेथें जेथें १९८५ ते १९९५ या दशकांत संगणक घरांत किंवा पेढींत आला, तेथें तेथें अशी एखादी मुकी झालेली पेटी असण्याचा संभव आहे. ती पेटी मेलेली असतेच असें नाहीं. पुष्कळदां ती जिवंत असते. तिचें बोलणें ऐकणारें मात्र कोणी उरलेलें नसतें. अशा वेळीं तिच्या पाठीमागील एक लहानसें दार उपयोगी पडतें. त्यास सिरियल पोर्ट म्हणतात. या दारांतून जुना संगणक आपल्या सोबत्यांशीं, म्हणजे छपाईयंत्राशीं, माउसशीं, दूरध्वनीवरून बोलणाऱ्या मॉडेमशीं, बोलत असे. आणि याच दारांतून तो आजच्या संगणकाशींहि बोलूं शकतो.

हें बोलणें कसें चालतें, तें समजण्यास भिवंडीकरांस दूर जावयास नको. मागावर ताणा व बाणा असे दोन प्रकारचे धागे असतात. ताण्याचे शेंकडों धागे शेजारीं शेजारीं, एकाच वेळीं ताणलेले असतात. बाणा मात्र धोट्याबरोबर एकेकटा धांवतो. एक ओळ झाली म्हणजे दुसरी. संगणकांतहि अक्षरें पाठविण्याच्या अशाच दोन रीती आहेत. प्रत्येक अक्षर हें आंत आठ खुणांचें बनलेलें असतें. प्रत्येक खूण एक तरी असते किंवा शून्य तरी. या खुणेस बिट म्हणतात. आठ बिटांसाठीं आठ तारा घालून तीं सर्व एकदम पाठविलीं, तर ती समांतर रीत झाली. जुन्या छपाईयंत्राची जाडजूड केबल ती हीच. आठहि बिट एकाच तारेवरून एकामागून एक पाठविले, तर ती सिरियल रीत झाली. पहिली रीत वेगवान, परंतु जाड केबलीची व थोड्या अंतराची. दुसरी सावकाश, परंतु दोनतीन तारांवर भागणारी.

एका तारेवरून खुणा एकामागून एक धाडण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. हिंदुस्थानांत पहिली तार १८५१ सालीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान सुरू झाली. १८७४ सालीं एमिल बोदो या फ्रेंच अभियंत्यानें पांच खुणांची एक पद्धति काढली. तींत प्रत्येक अक्षरास ठराविक लांबीच्या पांच खुणा असत, आणि तारायंत्राला तीं अक्षरें आपोआप छापतां येत. त्याच्याच नांवावरून वेगाच्या मापास ‘बॉड’ हें नांव मिळालें. पुढें टेलिप्रिंटर आला, आणि संगणक निर्माण झाला तेव्हां त्याच्याशीं बोलावयास हेंच तयार यंत्र उपयोगांत आणलें गेलें. मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालूं झालेला ‘टिफ्रॅक’ हा भारतांत घडविलेला संगणकहि छिद्रें पाडलेल्या कागदी फितीनें ऐकत असे आणि टेलिप्रिंटरच्या द्वारें बोलत असे. भारतांतील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. परंतु तारेची शिस्त अंबाडीच्या माळ्यावरील पेटींत अद्यापि जिवंत आहे.

त्याच १९६० सालीं अमेरिकेंत या बोलण्याचे नियम एका मानकांत बांधले गेले. त्याचें नांव ‘आर.एस. २३२’. १९६९ सालीं निघालेली त्याची ‘सी’ आवृत्ति पुढें जगभर रूढ झाली. या मानकाची एक गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी. येथें एक ही खूण ऋण विजेनें दर्शविली जाते व शून्य ही खूण धन विजेनें. घेणाऱ्याच्या बाजूस तारेवर उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट असले तर ती एकाची खूण, अधिक तीन ते अधिक पंधरा असले तर ती शून्याची. उणे तीन व अधिक तीन यांच्या मधल्या पट्ट्याला कांहींच अर्थ नाहीं. हा मधला मोकळा पट्टा म्हणजे दोन शेतांमधील बांध होय. तारेवर थोडी खरखर आली, तरी एका शेताचें पाणी दुसऱ्यांत जात नाहीं.

आतां एखादें अक्षर तारेवरून कसें जातें तें पाहूं. मराठी ‘क’ घ्यावा. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘इस्की’ या संकेतांत ‘क’ला १७९ हा अंक दिला आहे. दोनच अंकांच्या गणितांत तो १०११००११ असा लिहितात. कोणी बोलत नसतें तेव्हां तार एकाच्या स्थितींत स्वस्थ असते. बोलणें सुरू करावयाचें झालें म्हणजे पाठविणारा प्रथम एक शून्य पाठवितो. ती जणूं दारावरची थाप. त्यास आरंभबिट म्हणावें. त्यामागून अक्षराचे आठ बिट, शेवटच्या टोंकाकडून आरंभ करून, जातात: एक, एक, शून्य, शून्य, एक, एक, शून्य, एक. अखेरीस एकाची एक खूण येते. ती पूर्णविरामासारखी, म्हणून तिला विरामबिट म्हणावें. असे एका अक्षरास दहा बिट लागतात.

यांत गंमत अशी कीं, ‘आतां पुढला बिट आला’ असें सांगणारी निराळी तार कोठेंच नाहीं. दोन्ही यंत्रांजवळ आपापलें घड्याळ असतें, व दोघांनीं एकच वेग आधीं ठरविलेला असतो. वेग ९६०० असेल तर एक बिट सुमारें १०४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून किंचित् अधिक काळ टिकतो. ऐकणारें यंत्र दारावरची थाप ऐकल्याबरोबर आपलें घड्याळ लावतें, अर्धा बिट थांबतें, आणि तेथून पुढें प्रत्येक बिटाच्या ऐन मध्यावर तारेकडे एक दृष्टिक्षेप टाकतें. प्रत्येक अक्षराला घड्याळ नव्यानें लागत असल्यामुळें दोन घड्याळांत थोडें अंतर असलें तरी चालतें. मात्र दहाव्या बिटापर्यंत पोंचतांना तें अंतर अर्ध्या बिटाहून कमी राहिलें पाहिजे. म्हणजे दोन्ही घड्याळांत मिळून शेंकडा पांचांहून कमी चूक असली पाहिजे. एकानें ९६०० व दुसऱ्यानें ४८०० वेग धरला, तर पडद्यावर अक्षरांऐवजीं चित्रविचित्र कचरा दिसतो. असा कचरा दिसला म्हणजे यंत्र बिघडलें असें न समजतां प्रथम वेग तपासावा. कचऱ्याचा अर्थ इतकाच कीं, तार जोडलेली आहे, बोलणें चाललें आहे, परंतु एक जण भरभर बोलत आहे आणि दुसरा सावकाश ऐकत आहे.

वेगानंतर प्रश्न येतो तो तारांच्या जोडणीचा. येथेंच पुष्कळांची फसगत होते. टेलिफोनच्या दांड्याला एक तोंडाकडचें टोंक असतें व एक कानाकडचें. एकाचें बोलणें दुसऱ्याच्या कानीं पडावें अशीच व्यवस्था हवी. तोंडाशीं तोंड व कानाशीं कान जोडून संभाषण होत नाहीं. आर.एस. २३२ च्या मानकानें यंत्रांच्या दोन जाती कल्पिल्या. संगणक व टर्मिनल ही एक जात. मॉडेम ही दुसरी. या दोन जातींच्या पिना अशा लाविल्या आहेत कीं, संगणक व मॉडेम यांना सरळ केबल चालते, एक नंबरला एक, दोनला दोन. परंतु आपल्या उदाहरणांत जुना संगणक व नवा संगणक हे दोघेहि एकाच जातीचे. दोघेहि एकाच पिनेवर बोलतात आणि एकाच पिनेवर ऐकतात. त्यांना सरळ केबल लाविली तर दोघेहि एकमेकांच्या तोंडावर बोलत राहतात व कोणाचेंच कोणी ऐकत नाहीं. म्हणून येथें तारा उलटसुलट केलेली केबल लागते. बाजारांत तिला ‘नल मॉडेम’ केबल म्हणतात.

पिनांचे क्रमांकहि फसवे आहेत. मूळ जोडणी २५ पिनांची. तींत संगणक दुसऱ्या पिनेवर बोलतो, तिसऱ्या पिनेवर ऐकतो, व सातवी पिन दोघांची सामायिक तार असते. १९८४ सालच्या आय.बी.एम.च्या ‘ए.टी.’ संगणकानें ९ पिनांची लहान जोडणी रूढ केली. तिच्यांत संगणक दुसऱ्या पिनेवर ऐकतो, तिसऱ्या पिनेवर बोलतो, व सामायिक तार पांचवी. म्हणजे दोन व तीन यांची अदलाबदल झाली. आणखी एक खूण लक्षांत ठेवण्याजोगी आहे: वैयक्तिक संगणकाच्या पाठीवर २५ भोकांची जी जोडणी असते, ती बहुधा छपाईयंत्राची समांतर जोडणी होय; सिरियल जोडणीला भोकें नसून बाहेर आलेल्या पिना असतात. घाईनें एकाच्या जागीं दुसरी लाविल्यास काम तर होत नाहींच, उलट यंत्रास इजा होण्याचा संभव असतो.

बोलणें व ऐकणें यांच्या दोन तारा आणि तिसरी सामायिक, एवढ्यानें संभाषण होऊं शकतें. तरीहि आजोबांच्या जुन्या डॉस संगणकावरून फाइल पाठवूं गेल्यास पडद्यावर लिहितांना चूक झाल्याचा इंग्रजी संदेश येतो, आणि सोडून द्यावें कीं पुन्हां प्रयत्न करावा, असें यंत्र विचारतें. याचें कारण यंत्राचा शिष्टाचार. डॉसच्या खालीं काम करणारी मूळ आज्ञावली अक्षर पाठविण्यापूर्वीं दुसऱ्या दोन तारांकडे पाहते: समोरचें यंत्र जागें आहे काय, आणि तें आतां अक्षर घ्यावयास मोकळें आहे काय? तीन तारांच्या केबलींत या प्रश्नांना उत्तर देणारें कोणीच नसतें. म्हणून जुनें यंत्र वाट पाहून निराश होतें. उपाय सोपा आहे. जुन्या यंत्राकडील ९ पिनांच्या टोंकांत सातवी व आठवी पिन एकमेकींस जोडावी, आणि पहिली, चौथी व सहावी या तिघी एकत्र जोडाव्या. मग यंत्र स्वतःच प्रश्न करतें व स्वतःच्याच प्रश्नाचा होकार ऐकून पुढें जातें. ही एक प्रकारची फसवणूक खरी. आणि घेणारें यंत्र चपळ असेल तरच ती पत्करावी. घेणाऱ्यास खरोखरच मधून मधून थांबवावयाचें असेल, तर सात तारांची पूर्ण केबल वापरणें श्रेयस्कर.

ही शिष्टाचाराची तार किती कामें करते, याचें एक मौजेचें उदाहरण जुन्या सिरियल माउसचें आहे. त्यास वीज पुरविणारी निराळी तार नसते. शिष्टाचाराच्या तारांवर जे थोडेसे व्होल्ट संगणक धरून ठेवतो, त्यांवरच तो आपला निर्वाह करतो, आणि १२०० च्या वेगानें, सात सात बिटांत, आपल्या हालचालीची वर्दी देत राहतो. माउसला सात बिट पुरेसे आहेत. परंतु हाच सातांचा आंकडा मराठी लिखाणाच्या मुळावर कसा येतो, तें आतां पाहावयाचें आहे. कारण अंबाडीच्या त्या घराचें खरें धन येथेंच गमावलें जाण्याचा धोका आहे.

इंग्रजी वर्णमाला, आंकडे व विरामचिन्हें मिळून १२८ खुणांत बसतात. तेवढ्यांस सात बिट पुरतात. म्हणून पुष्कळ जुन्या यंत्रांत व मार्गांवर सातच बिट पाठविण्याची चाल होती. भारतीय लिप्यांसाठीं जागा करावयाची ती आठव्या बिटाच्या बळावर. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें १९८० नंतरच्या दशकांत ‘जिस्ट’ या नांवाचें तंत्र तयार झालें. मोहन तांबे यांचा त्यांत प्रमुख भाग होता. १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें, आणि हें तंत्र तेथें वाढलें. संगणकाच्या पेटींत बसणारें जिस्ट कार्ड त्यांतून निघालें, व सिरियल तारेवरून मोठ्या संगणकास जोडावयाचे जिस्ट टर्मिनलहि निघाले. या व्यवस्थेंत इंग्रजी अक्षरें आपल्या जुन्या जागीं राहिलीं, आणि देवनागरी अक्षरें वरच्या अर्ध्या भागांत, १२८ च्या पलीकडे, वसविलीं गेलीं. पोटमाळ्यावर बिऱ्हाड करावें, तसेंच हें झालें.

समजा, जुना संगणक आठ बिट पाठवीत आहे आणि नवा संगणक चुकून सात बिटांवर ठेवला आहे. ‘क’ म्हणजे १७९. त्याचा आठवा बिट गळला कीं १२८ वजा होतात व ५१ उरतात. आणि ५१ ही इंग्रजी संकेतांत तीन या आंकड्याची खूण आहे. ‘कागद’ हा शब्द पाठविला, तर पलीकडे तीनाचा आंकडा, मग इंग्रजी ‘झेड’, मग पांचाचा आंकडा व शेवटीं ‘डी’ असें उमटतें. याहून वाईट गोष्ट अशी कीं, यंत्राला संशयहि येत नाहीं. मराठी अक्षराचा आठवा बिट नेहमीं एक असतो, आणि ऐकणारा त्या जागीं विरामबिटाची, म्हणजे एकाचीच, अपेक्षा करीत असतो. तो त्यालाच पूर्णविराम समजून समाधानानें पुढें जातो. इंग्रजी अक्षराचा आठवा बिट शून्य असल्यामुळें तेथें यंत्र अडखळतें व चूक लक्षांत येते. मराठी अक्षर मात्र मुकाट्यानें नष्ट होतें. आणि मग परतीचा रस्ता नाहीं. वहींतला तीन हा आंकडा खरोखर तीन रुपयांचा, कीं तो पूर्वीचा ‘क’, हें पुढें कोणी कसें ओळखावें? म्हणून मराठी लिखाण काढतांना आठ बिट, समताबिट नाहीं, विरामबिट एक, ही मांडणी दोन्ही बाजूंस आहे किंवा नाहीं, तें दोनदां पाहावें.

आतां प्रत्यक्ष कामाचा क्रम. पहिलें पाऊल विजेचें. दोन संगणक केबलीनें जोडले म्हणजे त्यांची सामायिक तार एक होते. खेड्यापाड्यांतील कित्येक घरांत भिंतीवरील तीन भोकांच्या जोडणींत जमिनीची तार लाविलेलीच नसते. अशा वेळीं दोन यंत्रें दोन खोल्यांतील निरनिराळ्या जोडण्यांवर लाविलीं, तर त्यांच्या पेट्यांमध्यें विजेचा दाब निर्माण होऊन तो त्या बारीक तारेंतून वाहूं पाहतो, व पोर्टाची चीप जळते. म्हणून दोन्ही यंत्रें जमिनीची तार असलेल्या एकाच पाटावर लावावीं, केबल जोडतांना दोन्ही बंद असावींत, आणि आकाशांत विजा चमकत असतां हें काम हातीं घेऊंच नये. पेटी उघडून आंतील जुनी घटिका पाझरून पाटीवर हिरवट डाग पडले आहेत काय, तेंहि पाहावें. यंत्र दोन दिवस कोरड्या जागीं ठेवून मगच चालूं करावें.

दुसरें पाऊल नव्या बाजूचें. आजच्या बहुतेक संगणकांना सिरियल पोर्ट नसतो, त्यासाठीं यू.एस.बी.च्या खांचेंत बसणारा जोड विकत मिळतो. परंतु असे जोड दोन प्रकारचे असतात. एक खऱ्या आर.एस. २३२ च्या व्होल्टांचा. दुसरा लहान प्रायोगिक पाट्यांसाठीं असलेला, शून्य ते पांच किंवा शून्य ते ३.३ व्होल्टांचा. दुसऱ्या प्रकारचा जोड जुन्या संगणकास थेट लाविला, तर उणे बारा व्होल्ट त्याच्या अंगावर येऊन तो निकामी होतो. अशा पाटीलाच काम द्यावयाचें असेल, तर मध्यें ‘मॅक्स २३२’ जातीची दुभाषी चीप बसवावी. ती दोन्हीकडचे व्होल्ट एकमेकांना समजतील असे करते.

तिसरें पाऊल परीक्षेचें. जुनें यंत्र जोडण्यापूर्वीं नव्या जोडाच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिनेस तारेचा तुकडा लावून त्या एकत्र कराव्या. मग टर्मिनलच्या आज्ञावलींत जें टंकावें, तेंच परत येऊन पडद्यावर उमटतें. तुकडा काढला कीं उमटणें बंद होतें. आपला आवाज आपल्याच कानीं आला, म्हणजे हें टोंक निर्दोष ठरलें. नंतर केबल लावून तिच्या पलीकडील टोंकाशीं हीच परीक्षा करावी. असें एकेक पाऊल पक्कें करीत गेलें, म्हणजे दोष कोठें आहे हें शोधीत बसावें लागत नाहीं; तो शेवटच्या पावलांतच असला पाहिजे, हें उघड होतें.

चौथें पाऊल लहान नमुन्याचें. जुन्या संगणकावर ‘मोड’ या आज्ञेनें वेग ९६०० व वर सांगितलेली मांडणी ठरवावी. कागद, पाणी, घर अशा ओळखीच्या शब्दांची एक लहान फाइल करून ती ‘कॉपी’ या आज्ञेनें पोर्टाकडे पाठवावी. आज्ञेबरोबर ‘बी’ हें चिन्ह देण्यास विसरूं नये. एरव्हीं मध्येंच २६ अंकाची खूण आली, कीं डॉस तिला फाइलीचा शेवट समजून थांबतो. नव्या बाजूस येईल तें कोणताहि फेरफार न करतां जसेंच्या तसें फाइलींत सांठवावें. नमुना बरोबर आला, कीं मग मूळ लिखाण. जुन्या चकतीचा भरंवसा नाहीं. म्हणून सर्वांत मोलाचें लिखाण प्रथम घ्यावें व जमाखर्च मागून.

वेग ९६०० असतां सेकंदास ९६० अक्षरें जातात. दोन लक्ष अक्षरांच्या आठवणी साडेतीन मिनिटांत बाहेर येतात. दोन कोटि अक्षरांना मात्र पावणेसहा तास लागतात. अशा साध्या पाठवणींत चुकीची तपासणी होत नाहीं. म्हणून प्रत्येक फाइल दोनदां पाठवून दोन्ही प्रती एकमेकींशीं व मूळच्या लांबीशीं ताडून पाहाव्या. यानें अवचित झालेली चूक सांपडते. परंतु मांडणीच चुकीची असेल, तर दोन्ही प्रती सारख्याच चुकतील. ती चूक सांपडते ती फक्त आधींच्या नमुन्यानें. याहून चांगला उपाय म्हणजे जुन्या यंत्रावर एखादी वाहतुकीची आज्ञावली असेल तर ती वापरणें. १९७७ सालीं वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनीं ‘एक्समॉडेम’ लिहिला. तो १२८ अक्षरांचा एकेक गठ्ठा बेरजेसह पाठवितो, आणि बेरीज जुळली नाहीं तर तोच गठ्ठा पुन्हां मागतो. १९८१ सालीं कोलंबिया विद्यापीठांत ‘कर्मिट’ जन्मला. त्याचा विशेष असा कीं, मार्ग सात बिटांचा असला, तरी आठवा बिट तो खूण करून निराळा पाठवितो व पलीकडे पुन्हां जागच्या जागीं बसवितो.

जुन्या शाळांतील यंत्रांनाहि हेंच शास्त्र लागू पडतें. १९८४-८५ च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेंत शाळांना बी.बी.सी. मायक्रो हे संगणक मिळाले. त्यांचा पोर्ट आर.एस. ४२३ या भावकींतील मानकाचा असून त्याचे व्होल्ट थोडे कमी असतात, तरी आर.एस. २३२ शीं त्याचें जमतें. त्याची पांच पिनांची वाटोळी जोडणी मात्र सुलटी व उलटी दोन्ही प्रकारें बसते, आणि उलटी बसली कीं सर्व बरोबर दिसूनहि कांहीं चालत नाहीं.

एवढ्या सावकाश व साध्या मार्गाकडे पाहून कोणास हंसूं येईल. परंतु याच मार्गानें मोठीं कामें झालीं आहेत. १९८६-८७ मध्यें एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा आरंभ झाला, तो दूरध्वनीच्या तारेवर मॉडेम लावून; आणि मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., त्यांत अग्रभागीं होतें. जानेवारी १९९१ मध्यें दिल्ली व मुंबई यांच्या दरम्यान या जाळ्याची पहिली भाड्याची तार बसली. तिचा वेग सेकंदास ९६०० बिटच होता. दोन महानगरांतील विद्वानांचें टपाल ज्या वेगानें चाललें, त्याच वेगानें अंबाडीच्या आजोबांच्या आठवणी माळ्यावरून खालीं उतरतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वांसाठीं खुलें केलें, तेव्हांहि घरोघरचीं यंत्रें या जाळ्यांत शिरलीं तीं मॉडेमच्याच वाटेनें.

लिखाण बाहेर आलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. तें इस्की संकेतांत असेल, तर आजच्या युनिकोडमध्यें आणणें सोपें आहे. कारण युनिकोडमधील देवनागरीची रचनाच १९८८ सालच्या इस्कीच्या आधारें केलेली आहे. परंतु तें एखाद्या खाजगी अक्षरसांच्यांत टंकलेलें असेल, तर प्रत्येक आंकड्याचा अर्थ त्या सांच्याप्रमाणें निराळा असतो, आणि त्या सांच्याचा तक्ता मिळवूनच रूपांतर करावें लागतें. म्हणून त्या यंत्रांतील अक्षरसांच्यांच्या फाइलीहि लिखाणाबरोबरच उतरून घ्याव्या, आणि मूळ प्रतींस हात न लावतां रूपांतर नकलेवर करावें.

तात्पर्य, जुना संगणक मुका झाला असें म्हणण्यापूर्वीं त्याच्याशीं त्याच्या भाषेंत बोलून पाहिलें पाहिजे. त्याला हवें असतें तें फारसें नाहीं: दोघांचा वेग एक असावा, एकाचें तोंड दुसऱ्याच्या कानाकडे असावें, ‘ऐकतोस ना?’ या प्रश्नास कोणीतरी होकार द्यावा, आणि आठवा बिट वाटेंत सांडूं नये. एवढी केबल तयार करण्याचा खर्च थोडा व श्रम एका दुपारचे. परंतु गंज वाट पाहत नाहीं. प्रत्येक पावसाळा त्या चकतीवरून आपला हात फिरवून जातो. दाराशीं उभ्या असलेल्या भंगारवाल्यास आठ दिवसांनीं यावयास सांगावें. तेवढ्यांत पेटी रिकामी झाली, तर ती त्यानें खुशाल न्यावी. तेव्हां तिचें वजन तेवढेंच भरेल, परंतु घराचें कांहीं गेलेलें नसेल.